बदामी पानांच्या वेली: गुळवेल कोणती आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या कोणत्या

प्रश्न थोडक्यात असा होता: नागपुरात गोरेवाड्याच्या बाजूला आणि सेमिनरी हिल्सच्या पायवाटेवर फिरताना पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या पानांच्या तीन वेली दिसल्या. मोबाईलमधल्या अ‍ॅपने तिन्ही गुळवेल ठरवल्या, सोबतचे काका म्हणाले यातली एकच खरी. तर फरक कसा ओळखायचा? आणि घरच्या कडुनिंबावर गुळवेल चढवायची असेल तर कांडी कुठून घ्यायची?

आधी थेट उत्तर देतो. पहिल्या फोटोतली गुळवेलच आहे, शंका नको. दुसरी पहाडवेल. तिसरीचा तुम्ही फक्त एका पानाचा, तोही वरून काढलेला फोटो पाठवलाय. ती कडू कारांद्याची वेल असावी असा माझा अंदाज आहे, पण तेवढ्यावर मी सही करणार नाही. काका बरोबर बोलले.

जंगलातून आलेल्या वनौषधींची ओळख पटवणं हे माझं काम. इतवारीच्या बाजारात उतरणाऱ्या पोत्यांत पानं नसतातच. कांड्या असतात, मुळं असतात, सालीचे तुकडे असतात. त्यामुळे वेल खालून वर वाचायची सवय लागली: आधी खोड, मग चीक, मग ती चढते कशी, मग पानं समोरासमोर की आळीपाळीने, मग देठ पानाला कुठे चिकटलाय, आणि पानाचा आकार सगळ्यात शेवटी. हौशी मंडळी नेमकी उलट जातात. आकार बघून नाव ठरवतात आणि मग त्या नावाला जुळणाऱ्या खुणा शोधत बसतात. बदामी पान आपल्याकडच्या निदान आठ-दहा वेलींना असतं, आणि त्या सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्याही नाहीत.

गुळवेलीपासून सुरू करू. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. अंगठ्याएवढ्या जाडीची जुनी कांडी हातात घ्या. बाहेरची साल करड्या-पिवळसर रंगाची, कागदासारखी पातळ. नखाने ओढली की सोलून येते आणि खाली हिरवंगार अंग दिसतं. सालीवर बारीक पुटकुळ्या असतात, त्यांतून वेल श्वास घेते. खोड मांसल, रसदार. ठेचलं तर बोटाला बुळबुळीत लागतं. उंचावरच्या फांद्यांवरून दोऱ्यासारखी लांबच लांब मुळं खाली लोंबत असतात, आणि ही खूण तर लांबूनही दिसते. आता ब्लेडने कांडी सरळ आडवी कापा. कापलेल्या तोंडावर मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत गेलेले लाकडाचे पाचरीसारखे भाग आणि त्यांच्यामधले मऊ पट्टे दिसतात, अगदी बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे.

हे चाक दिसलं की लोक खूश होतात आणि थांबतात. थांबू नका. चाक ही गुळवेलीच्या साऱ्या कुळाची खूण आहे. पहाडवेलीतही ते दिसतं, आणि गुळवेलीच्या सख्ख्या बहिणीत, टिनोस्पोरा सायनेन्सिसमध्ये तर अगदी सारखंच. ही बहीण आपल्या भागात गुळवेलीइतकी सहज भेटत नाही, पण बाजारात गुळवेलीच्या नावाखाली येते. तिचं पान मोठं, आणि खालून मखमलीसारखं लवदार. गुळवेलीचं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतं, लव अजिबात नाही. म्हणजे खोडावरून कूळ ठरलं, पानाच्या पाठीवरून बहीण ठरली. तिसरी एक टिनोस्पोरा क्रिस्पा. ती मुळात आग्नेय आशियाकडची, पण औषधी म्हणून लोक बागेत लावतात. तिच्या खोडावर पुटकुळ्या नाहीत, चांगले टपोरे, दाटीवाटीने आलेले फोड असतात. दोन्ही खोडं शेजारी ठेवली तर लहान मूलही फरक सांगेल. एकटीच समोर असली की मात्र जाणतेही घोटाळतात.

गुळवेलीच्या पानाचा देठ लांब असतो आणि खोडाला जिथे चिकटतो तिथे फुगीर, थोडा पीळ दिल्यासारखा असतो. पानाचा काठ नेहमी सलग. काठावर दाते दिसले की गुळवेल तिथेच बाद करा. मालकांगोणीची पानं आळीपाळीने आणि देठावर असल्यामुळे काही जण तिला गुळवेल समजतात, पण तिच्या काठाला दाते असतात आणि खोड टणक, लाकडी. उन्हाळ्यात, नागपूरचा पारा पंचेचाळीसकडे सरकतो तेव्हा, गुळवेल बहुधा निष्पर्ण असते आणि त्याच उघड्या वेलीवर हिरवट-पिवळ्या बारीक फुलांच्या काड्या येतात. नर वेगळी, मादी वेगळी. लाल, वाटाण्याएवढी फळं फक्त मादी वेलीला धरतात. त्यामुळे 'फळं नाहीत, म्हणजे गुळवेल नाही' हा तर्क लंगडा आहे. तुमच्या समोरची नर असेल.

आता पहाडवेल, सिसॅम्पेलॉस पॅरीरा. लांबून पाहिलं तर फसायला होतं, पण एक पान हातात घेतलं की निकाल लागतो. पान उलटं करा आणि देठ कुठे जोडलाय ते बघा. गुळवेलीत देठ पानाच्या खाचेत, म्हणजे काठावर जोडलेला असतो. पहाडवेलीत तो काठापासून जरा आत, पानाच्या पाठीवर टेकवलेला असतो. छत्रीची दांडी थोडी एका बाजूला सरकली तर जशी दिसेल तसं. कधीकधी हे अंतर दोन-तीन मिलिमीटरच असतं आणि वरून पाहताना काहीच कळत नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत एक पान वाऱ्याने उलटलंय, म्हणून मला सांगता आलं. खोड बारीक, सुतळीसारखं, कोवळ्या फांद्यांवर मऊ लव. पान बदामापेक्षा गोलाकडे झुकलेलं आणि टोकाला केसाएवढा बारीक काटा. मादी वेल फुलावर असेल तर पाहतच राहाल: लोंबत्या काडीवर नाण्यांसारखी गोल पानं एकाखाली एक ओवलेली आणि प्रत्येकीच्या आड इवलीशी फुलं. फळं लाल, पण लवदार.

या कुळातली तिसरी वासनवेल, आपल्याकडे शेताच्या कुंपणावर, बोरी-बाभळीच्या जाळीवर हमखास. तिचं पान बदामी क्वचितच. बहुतेक वेळा रुंदीपेक्षा लांबी जास्त, आणि एकाच वेलीवर खालची पानं खाचांची नि वरची साधी. सगळ्या अंगावर लव, स्पर्श मऊ. फळं जांभळी-काळी, बारीक. पानं पाण्यात चुरून गाळली की थोड्या वेळात हिरवी जेली जमते, म्हणून पुष्कळ लोक ही वासनवेलीची पक्की परीक्षा म्हणून सांगतात. मला ती पटत नाही. पहाडवेलीची पानंही अशीच जमतात. मुलांना दाखवायला गंमत आहे, ओळख पटवायला नाही.

तिसऱ्या फोटोकडे येऊ. कडू कारांदा, कोणी वराहकंद म्हणतात, डायोस्कोरिया बल्बिफेरा. याचं पान गुळवेलीपेक्षा सुबक बदामी असतं, आणि गंमत म्हणजे गुळवेलीशी याचा दूरचाही संबंध नाही. पान उन्हाकडे धरून शिरा बघा. गुळवेलीत देठापासून पाच-सात शिरा निघतात, पण टोकापर्यंत एकटी मधलीच जाते. बाकीच्या वाटेत फाटे फोडून जाळीत विरून जातात. कारांद्यात शिरा देठापासून कमानीसारख्या वळत टोकाकडे एकत्र येतात, आणि दोन शिरांच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा. एकदा ही शिडी पाहिली की पुन्हा घोटाळा होत नाही. खोड बारीक, गुळगुळीत, कागदी साल नाही, लोंबती मुळं नाहीत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे लहान कंद लटकतात. ते दिसले तर विषयच संपला.

कारांद्याच्या जातीत आणखी एक खूण उपयोगी पडते, वेटोळ्यांची दिशा. प्रत्येक जात ठरलेल्या दिशेनेच आधाराला वळसे घालते; झाड बदलो, ऊन बदलो, दिशा बदलत नाही. कडू कारांदा आणि घराजवळ लावलेलं कोनफळ यांचे वळसे एकमेकांच्या उलट असतात. कोनफळाच्या खोडाला शिवाय कडा असतात, पंखासारख्या. डावं-उजवं कशाला म्हणायचं यावर पुस्तकापुस्तकांत मतभेद आहेत, म्हणून मी शब्दांच्या भानगडीत पडत नाही. फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवतो.

पान तीन पानांचं झालं आणि खोडाला काटे आले तर तो वेगळाच प्राणी, डायोस्कोरिया हिस्पिडा. छत्तीसगड-मध्य प्रदेशकडचे लोक त्याला बैचांदी म्हणतात. त्याचा कंद विषारी असतो. जंगलातले जाणते तो चिरून वाहत्या पाण्यात बराच काळ धुऊन मगच खातात. तो प्रयोग घरी करू नका.

कमानदार शिरांची आणखी एक वेल म्हणजे घोटवेल. कारांद्याशी गल्लत होते, पण घोटवेलीच्या देठाच्या बुडाशी दोन ताणे, म्हणजे आधार पकडणारे दोरे, असतात आणि खोडावर आकडे. कारांद्याला ताणे कधीच नसतात. तो गुंडाळत वर जातो, पकडत जात नाही.

चिकाची परीक्षा सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी केली जाणारी. पान तोडा, देठाच्या तोंडाकडे बघा. पांढरं दूध आलं तर गुळवेलीचं कूळच बाद. बदामी पान, पांढरा चीक आणि पानं समोरासमोर, असं असेल तर नागपूरच्या कुंपणांवर ती बहुधा उतरण असते. पानावर लव, चुरडलं तर नकोसा वास, आणि फळं जोडीने, मऊ काट्यांची. फुटली की आतून रेशमी झुपक्यांच्या बिया उडतात. हरणदोडीची पानंही बदामाकडे झुकणारी आणि समोरासमोर. तिची हिरवी फुलं गुच्छाने लोंबतात. पानं समोरासमोर दिसली की चिकाची वाटसुद्धा पाहायला नको, गुळवेलीची पानं नेहमी एकाआड एक येतात. मोठंच्या मोठं बदामी पान, वरून हिरवं नि खालून चांदीसारखं पांढरं, तोडल्यावर दूध: तो समुद्रशोक, घंटेसारख्या जांभळट फुलांचा.

मग बाकीचं जाऊ द्या, पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा असं मी ज्या वेलीबद्दल सांगतो ती म्हणजे गंधाण, कोणी किडामारी म्हणतात. अ‍ॅरिस्टोलोकिया ब्रॅक्टिओलाटा. काळ्या मातीच्या शेतात, बांधावर जमिनीवर पसरलेली असते, फार वर चढत नाही. पान बदाम आणि मूत्रपिंड यांच्या मधल्या आकाराचं, फूल गडद जांभळ्या नळीसारखं, वास उग्र. तिच्यात आणि तिच्या चढणाऱ्या बहिणीत, सापसनमध्ये, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकने वजन घटवायला दिलेल्या गोळ्यांत स्टेफानिया नावाची चिनी वेल असायला हवी होती. ती गुळवेलीच्याच कुळातली. चिनी भाषेत दोन वेलींची नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे तिच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया आली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. पानाची चव घेऊन वेल ओळखणारे मला अजून भेटतात आणि मी त्यांना हीच हकिकत ऐकवतो. कडू लागली म्हणून गुळवेल, हा काय न्याय झाला? जंगलातली अर्धी झाडं कडू असतात.

आपल्याकडेही 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली, तेव्हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप हाच होता की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती क्रिस्पा असू शकते. त्या वादाच्या वैद्यकीय बाजूवर मी बोलणार नाही, ते माझं क्षेत्र नाही. पण रुग्णाने नक्की कोणती वेल खाल्ली, हा प्रश्न आधी सुटायला हवा होता, हे मात्र मी कोणालाही सांगेन. खात्रीच्या गुळवेलीचा काढाही आपल्या मनाने रोज घेऊ नका, विशेषतः यकृताचा त्रास असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर, डॉक्टरांना विचारा.

बदामी पानांपासून जरा बाजूला जातो, कारण तुमच्यासारखेच प्रश्न अनंतमुळाबद्दल, म्हणजेच उपलसरीबद्दल, फार येतात. उपलसरीचं पान इतकं चंचल आहे की एकाच वेलीवर गवतासारखं अरुंद आणि बोटभर रुंद अशी दोन्ही सापडतात. पुष्कळदा मधल्या शिरेलगत पांढरा पट्टा असतो. असला तर छान, नसला म्हणून नाकारू नका. तिची खरी ओळख जमिनीखाली. बारीक, तारेसारखं, तपकिरी मूळ, सालीला आडव्या भेगा, नखाने खरवडलं की गोड, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा वास. मूळ वाळलं तरी तो वास टिकतो. पोतं उघडलं आणि वास आला नाही की मी पुढे काही बघतच नाही. तिच्या नावावर बहुधा दोन वेली येतात. एक इक्नोकार्पस: कोवळ्या फांद्यांवर तांबूस लव, पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या पिळलेल्या. दुसरी क्रिप्टोलेपिस: पान खालून पांढुरकं, आडव्या शिरा दाट आणि समांतर, चीक भरपूर. दोघींनाही आयुर्वेदात काळी सारिवा म्हणून वापरलं जातं, तेव्हा त्यांना भेसळ म्हणणं थोडं अन्यायाचं आहे. पण पुडीवर अनंतमूळ लिहिलं असेल तर आत अनंतमूळच हवं. गल्लत बहुतेक वेळा तोडणाऱ्याकडून होत नाही. गडचिरोलीकडून माल घेऊन येणारे लोक माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात. वाटेत दोन-तीन हात बदलताना पोती एक होतात.

काकडीच्या कुळातल्या रानवेलींचा निवाडा ताण्यावर होतो. काटवलाचा ताणा साधा, एकेरी. शिवलिंगीचा दुहेरी फाटलेला. कवंडळाचा दोन-तीन फाट्यांचा. फुलं असतील तर आणखी सोपं. काटवलाचं पिवळं, आणि नर फुलाच्या खाली वाटीसारखं पान. तोंडलीचं पांढरं घंटेसारखं. कवंडळाचं पांढरं, कडेला झालरी, रात्री उमलणारं. शिवलिंगीचं फळ हिरव्यावर पांढरे पट्टे, पिकलं की लाल. कवंडळाचं लाल फळ दिसायला देखणं, पण जबर रेचक आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा. काटवल मात्र श्रावणात बाजारात मिळतंच, त्यासाठी जंगलात कशाला जायचं.

आता अ‍ॅपबद्दल. अ‍ॅप वाईट नाही, पण तुम्ही त्याला पान दाखवता आणि ते पानावरच बोलतं. पुढच्या वेळी एका वेलीचे निदान पाच फोटो काढा: खालच्या जुन्या खोडाचा जवळून, आधाराभोवती ती कशी चढलीय त्याचा, एका पेरावर पानं कशी बसलीयत त्याचा, पानाच्या पाठीचा देठाच्या जोडासकट, आणि फूल-फळ असेल तर त्याचा. पान तोडल्यावर चीक आला की नाही तेही लिहून ठेवा, फोटोत ते कधीच कळत नाही. तिसऱ्या वेलीकडे जायचं असेल तर दिवाळीच्या आत जा. कारांदा थंडी लागली की वाळून जातो आणि वर काहीच उरत नाही. गुळवेल असेल तर तिचं जाड खोड झाडावर तसंच दिसेल, म्हणजे हिवाळाही एक परीक्षाच झाली.

कांडीबद्दल. राखीव जंगलातून किंवा गोरेवाड्याच्या हद्दीतून काही तोडू नका, तो गुन्हा आहे आणि गरजही नाही. नागपुरात जुन्या वस्त्यांमधल्या कित्येक कडुनिंबांवर गुळवेल आहे. मालकाला विचारून, वर सांगितलेल्या खुणा तपासून घ्या. सरकारी रोपवाटिकेतही मिळते, पण तिथेही पानाची पाठ आणि खोड बघूनच घ्या. पेन्सिल ते अंगठा एवढी जाड, वीतभर लांब, दोन-तीन पेरांची कांडी पुरे. कोणतं टोक खाली होतं ते लक्षात ठेवून तेच मातीत खोचा. पाऊस स्थिरावला की लावा, मृगाच्या पहिल्या सरीला घाई नको, एखादा आठवडा कोरडा गेला की कांडी सुकते. कडुनिंबाच्या बुंध्यापासून दोन-तीन फूट लांब लावून काठीने झाडाकडे वळवा, म्हणजे मुळांना जागा मिळेल. कडुनिंबावरची गुळवेल उत्तम असं मानतात. मानायला हरकत नाही, पण ती बांडगुळासारखी झाडातून रस घेत नाही, तिची मुळं मातीतच असतात. झाडालाही तिचा त्रास होतो तो सावलीचा आणि वजनाचा, म्हणून वर्षाआड छाटत राहा. पहिल्या उन्हाळ्यात पानं गळून वेल मेल्यासारखी दिसेल. उपटू नका, नखाने साल थोडी खरवडा, खाली हिरवं असेल तर पाणी बेताने चालू ठेवा.